जुनं दाखव, नवं ने

८ जानेवारी

बारके,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहिणार होतो. पण ते घ्यायचे की आल्या पावली परत पाठवायचे हे तू ठरवणार, म्हणून नुसत्या हाकेवर थांबलो.

हे पत्र गुलाबी पावत्यांच्या मागच्या बाजूला लिहिलंय, हसू नकोस. बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो तेव्हा स्टोअरमधल्या रद्द पावत्यांचे चार गठ्ठे रद्दीत चालले होते, ते मी घरी आणले. एक बाजू कोरी आहे आणि कोरी बाजू आपण फेकत नाही, हे तुला सांगायला नको. अजून अडीच गठ्ठे शिल्लक आहेत. म्हणजे तू उत्तर दिलं नाहीस तरी माझं लिहिणं काही कागदावाचून अडणार नाही.

फोन चारदा केला. तू उचलत नाहीस. रविवारी तू आईला फोन करतेस तेव्हा मी आपण होऊन गॅलरीत जातो, कारण मी खोलीत असलो की तिचं बोलणं ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ एवढ्यावर येतं. तिथे उभा राहून मी समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजतो. अठ्ठेचाळीस आहेत. दोन वर्षांत एकही कमीजास्त झालेली नाही.

मुद्द्यावर येतो. पैसे नकोत, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू पत्र इथेच बंद करशील. आई तुला दर रविवारी ‘डोळा बरा आहे गं’ म्हणते ते खोटं आहे. डावा गेला हे तुला ठाऊक आहे. आता उजव्याचं तेच चाललंय. काचबिंदूत आतला दाब वाढतो आणि डोळ्याची नस हळूहळू मरते. मेलेली नस परत येत नाही. थेंब दिवसातून तीनदा मी स्वतः घालतो, एकही वेळ चुकवलेली नाही, पण दाब आता थेंबांना जुमानत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करून घ्या. गेलेली नजर येणार नाही, उरलेली मात्र राहील. नाही केलं तर वर्षभरात तीही जाईल. सोळा फेब्रुवारीची तारीख त्यांनी आपल्यासाठी धरून ठेवली आहे.

आणि तुझी आई नाही म्हणते.

मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, दोन दिवस जेवायचाही थांबलो. तिसऱ्या दिवशी तिनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, “गार झालं की तुम्हालाच गरम करून खावं लागेल, आणि गॅस तुमचाच जळेल.” जेवलो.

तिचं तोंड बंद करणारी एकटी तू आहेस. माझ्याशी बोलू नकोस, तिच्याशी बोल. एवढंच काम आहे.

बाबा

ता. क. हे पत्र लिहिल्याचं तिला माहीत नाही. बोलताना माझं नाव आणू नकोस. तसंही तू आणत नाहीस.

२१ जानेवारी

बारके,

उत्तर नाही. ठीक आहे. पण पत्र उघडलंस, हे मला कळलं. रविवारी खिडक्या मोजायच्या सोडून मी सरळ कान दिला होता. आई म्हणाली, “तुला कोण म्हणालं?” मग कितीतरी वेळ नुसतं “अगं नाही गं, तसं काही नाही गं” चाललं होतं. मला बरं वाटलं.

फोन ठेवून ती गॅलरीच्या दारात आली. “तुम्ही कळवलंत तिला?”

मी कानांवर हात ठेवले. ती म्हणाली, “ठेवा, ठेवा. चौतीस वर्षं स्टोअरच्या खिडकीत बसलात. खिडकीतून काही बाहेर गेलं आणि तुम्हाला पत्ता नाही, असं कधी झालंय?”

तिचं म्हणणं काय, ते लिहितो, म्हणजे रविवारी तुला कुठे हाणायचं ते कळेल. एका डोळ्यावर घर चालतंय. दुसराही मंदावला तरी घरातलं सगळं हाताखालचं आहे. पेल्यात बोट घालून पाणी ओतते, बटणं चाचपून शिवते, जिन्याच्या सतरा पायऱ्या तोंडपाठ आहेत. आणि तेवढ्या खर्चात घराचं चार वर्षांचं भाडं निघेल. मी म्हटलं, “अगं, ठेवी आहेत ना.” तर म्हणते, “त्या म्हातारपणासाठी आहेत.” मी म्हटलं, “मी बहात्तर, तू अडुसष्ट. म्हातारपण अजून यायचंय? वाटेत कुठे गाडी बंद पडली का त्याची?” ती हसली, पण हलली नाही. शेरास सव्वाशेर म्हणतात ते हेच. हिशेब मीच शिकवला आणि तो आता माझ्यापुढे मांडला जातोय.

तू म्हणशील, शिकवलाच कशाला. थोडं ऐकून घे, कारण भांडणाच्या दिवशी तू ऐकून घेतलं नव्हतंस.

स्टोअरचा नियम एकच होता. जुनं दाखव, नवं ने. फिटर झिजलेलं बेअरिंग काउंटरवर ठेवणार, मी ते उजेडात फिरवून बघणार, खरंच कामातून गेलं असेल तर नवं देणार, गुलाबी पावती फाडणार. सगळे मला ‘खिडकी’ म्हणायचे. तोच नियम मी घरी आणला. साबणाची चकती दाखवल्याशिवाय नवी वडी नाही. टूथपेस्टची नळी कात्रीनं उभी चिरून दाखवायची. कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या कंबरेला. शेजारी हसायचे, चमडी जाईल पण दमडी जाणार नाही म्हणायचे. मग वर्कशॉप अकरा महिने बंद पडलं. तू तेव्हा तीन वर्षांची होतीस. आपल्या मजल्यावरच्या बाकीच्या पाचही घरांनी उसनवारी केली, दोघांना खोली सोडावी लागली. आपण एका दिडकीनंही कुणाचे मिंधे झालो नाही. तुझं दूध एक दिवसही तुटलं नाही. तो नियम नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो.

तुझी पेन्सिल आठवते? करंगळीहून छोटी झाल्याशिवाय नवी मिळायची नाही. तू शार्पनरनं मुद्दाम तासून तासून छोटी करायचीस. मला कळायचं. ताज्या तासलेल्या लाकडाचा वास येतो. मी काही न बोलता नवी काढून द्यायचो.

असो. तुझा राग मुदत ठेवीचा आहे. तीन वर्षांपूर्वी इथे घरी आलीस तेव्हा आई पेल्याबाहेर पाणी ओतताना तुला दिसली, परत गेल्यावर तू मला पैसे पाठवलेस, ‘आईचे डोळे दाखवा’ म्हणून. मी ते वर्षभराच्या ठेवीत टाकले. त्या महिन्यात दर चांगला होता आणि तिची कुरकुर अशी काही नव्हती. म्हटलं, मुदत पुरी झाली की दाखवू, डॉक्टरची फीही सुटेल आणि व्याजही. मुदत पुरी झाली त्या आठवड्यात मी तिला घेऊनही गेलो. तोवर डावा गेला होता. तू आलीस आणि म्हणालीस, “मी पैसे डोळ्यांसाठी पाठवले होते, व्याजासाठी नाही.” बरोबर बोललीस. पण तिनं एक अवाक्षर काढलं असतं तर मी त्याच दिवशी ठेव मोडली असती, हेही मी तेव्हाच म्हणालो होतो. आणि तीही म्हणाली होती की मी यांना काही सांगितलंच नाही, चूक माझी. तू स्वतः ऐकलं आहेस.

काल रात्रीच्या जेवणाला मी पुन्हा विषय काढला. तिनं एक अट घातली. “बारकी आली तर जाईन. एकटीला मला त्या टेबलावर झोपवू नका.”

“एकटी कशी? मी असेन की.”

“तुम्ही बाहेर बसून बिल तपासत असाल.”

ये. सुट्टी मिळत नसेल तर दोन दिवस ये.

बाबा

३० जानेवारी

बारके,

तुझं कार्ड आज आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. बारीक लिहायला लागली आहेस, पूर्वी एका ओळीत चार शब्द मावायचे.

तू लिहिलंस: “आईनं तुम्हाला खरंच एकदाही सांगितलं नव्हतं? एवढंच खरं लिहा. मग ठरवते.”

आता सांगणं म्हणजे कसं असतं, माणूस घरात दिवसभर काही ना काही बोलत असतं. आज पाठ दुखते, आज पाव कडक निघाला. त्यातलं कुठलं मनावर घ्यायचं आणि कुठलं नाही, हे त्या वेळी कळत नाही. आई तर जास्त बोलणारी नाहीच. डोळा गेला असं ती म्हणाली का? नाही. डॉक्टरकडे न्या म्हणाली का? नाही. तेव्हा त्या अर्थानं पाहिलं तर

इथे थेंबांची वेळ झाली म्हणून उठलो होतो. तिनं मान मागे टाकली आणि म्हणाली, “थेंब गालावर का पाडताय?” मी म्हटलं, थंडीनं बोटं गारठलीत. ती म्हणाली, “थंडी कुठे?”

परत येऊन वरचं वाचलं. हे पाठवण्यासारखं नाही, पण दुसरंही सुचत नाही. तारीख सोळाच आहे. अकरापर्यंत दवाखान्यात नक्की सांगावं लागेल, नाहीतर ते ती दुसऱ्या कुणाला देतील. गाडीचं आरक्षण लवकर केलंस तर स्वस्त पडतं.

बाबा

४ फेब्रुवारी

बारके,

मागचं पत्र टाकून घरी येईपर्यंतच मला माझी लाज वाटायला लागली होती. पेटीत हात घालून पत्र परत काढता येत नाही, म्हणून हे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: सांगितलं होतं. तीनदा.

पहिल्यांदा, तू पैसे पाठवलेस त्याच्या दोन वर्षं आधी. दुपारी मी कपाटातला माल लावत होतो. ती चष्मा हातात घेऊन आली. “यातून आताशा नीट दिसत नाही हो. नवा करायला टाकू या का?” मी काय केलं? जन्मभर जे केलं तेच. चष्मा घेतला, उजेडात धरला, फिरवून पाहिला. ओरखडा नाही, दांड्या घट्ट, स्क्रू जागेवर. सदऱ्याच्या टोकानं पुसून परत दिला. “काच शाबूत आहे. अजून पाच वर्षं काढेल.” बारके, मी चष्मा तपासला. तिच्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही. जुनी वस्तू काउंटरवर आली की ती आणणाऱ्याकडे बघायची मला सवयच नव्हती.

दुसऱ्यांदा, आठ-नऊ महिन्यांनी. “डाव्या बाजूला धुकं असल्यासारखं वाटतं.” मी चष्मा साबणाच्या पाण्यानं धुतला. एवढ्यावर थांबलो नाही, स्वतःच्या नाकावर चढवला आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघून म्हणालो, “धुकं कुठाय? आहे तेवढंच दिसतंय.” तिच्या नंबरातून मला काय दिसणार होतं? पण माझं आपलं समाधान झालं.

तिसऱ्या वेळेचं लिहायला चार दिवस लागले. तुझे पैसे येऊन ठेवीत पडले होते तेव्हाची गोष्ट आहे. तिनं चष्मा आणून माझ्यासमोर ठेवला, एक दांडी मोडलेली. म्हणाली, “पडला. आता तरी नवा लागेल ना?”

झिजलेली वस्तू आणि मोडलेली वस्तू मला डोळे मिटून ओळखता येतात. नवा पट्टा मिळावा म्हणून जुना ब्लेडनं कापून आणणारे फिटर मी कितीतरी पकडले. पडलेला चष्मा बिजागरीत निखळतो. याची दांडी मधोमध वाकवून मोडली होती, दोन्ही हातांनी. मी तो तिच्यापुढे धरला आणि म्हणालो, “ही झीज नाही. ही मोडतोड आहे. या वयात हे धंदे?” हेच शब्द. मग पातळ तार काढली, दांडी बांधली, टोक बोचू नये म्हणून वर दोरा गुंडाळला. काम इतकं सुबक झालं की मी ते तिलाच कौतुकानं दाखवलं. तिनं चष्मा घातला, “हो, छान झालं” म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर तिनं मला कधीही काहीही मागितलं नाही. आपली बायको शहाणी झाली, असं मी समजलो.

तुझी तासलेली पेन्सिल मला कळायची आणि मी द्यायचो. तिनं चष्मा मोडला तेही कळलं, आणि मी नाही दिलं. हा फरक मी का केला, हे स्वतःला विचारून विचारून थकलो. तू मूल होतीस म्हणून असेल. तिला मी बहुधा माझ्यासारखीच समजत होतो, म्हणजे काही न लागणारी.

तू भांडलीस त्या दिवशी ‘तिनं एकदा तरी सांगितलं असतं तर’ हे माझ्या तोंडून गेलं. ती माझ्याकडे बघत होती, उरलेल्या एका डोळ्यानं. मला वाटलं, आता बोलणार ही. आणि ती तुला म्हणाली, “मी सांगितलंच नाही यांना. चूक माझी.” मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती दोन वर्षं झाकून बसलो. त्यावर आम्ही दोघं एक शब्दही बोललेलो नाही. ती तशीच चहा देते, मी तसाच घेतो.

आता तू म्हणशील, ऑपरेशन होऊ द्यायचं होतं, मग सांगायचं. तोही विचार केला. पण तू येणार, तिच्या उशाशी बसणार आणि जे मला विचारलंस तेच तिला विचारणार. आणि ती डोळ्यावर सुरी चालायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा माझ्यासाठी खोटं बोलणार. तेवढं मला तिच्याकडून आणखी घ्यायचं नाही.

हे वाचून तू यायचं रद्द केलंस तर ती जाणार नाही आणि तिचा दुसरा डोळाही माझ्याच पायी जाईल. म्हणून हात जोडून सांगतो, माझ्यावरचा राग माझ्यावरच ठेव, तिला शिक्षा देऊ नकोस. तू येशील तेव्हा मी घरात नसेन. टायरमध्ये हवा भरणारा आमचा जुना हवावाला आठवतो? त्याच्या दुकानामागे एक खाट रिकामी असते. तू आहेस तोवर मी तिथे राहीन. घराची किल्ली खालच्या शिंपीणबाईंकडे असेल, आईला दारासाठी उठवू नकोस. माझं तोंड तुला बघावं लागणार नाही.

फक्त ये.

बाबा

१४ फेब्रुवारी, टेबलावर ठेवलेलं

बारके,

रविवारी तू ‘येते’ म्हणालीस तेव्हा आईनं फोन ठेवायच्या आधीच हाक मारून मला गॅलरीतून आत बोलावलं. असं तिनं दोन वर्षांत केलं नव्हतं. सोमवारी सकाळी मी दवाखान्यात जाऊन तारीख पक्की केली.

त्याच संध्याकाळी तुला काय काय लिहिलं ते तिला सांगितलं. मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल. उलटंच झालं. मी तिला इतकी संतापलेली कधी पाहिलेली नाही. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी सांभाळत होते ना! मुलीला बाप राहावा म्हणून मी ते अंगावर घेतलं. तुम्हाला हलकं व्हायचं होतं, झालात मोकळे?” मी म्हटलं, तुझ्यासाठी सांगितलं. ती म्हणाली, “माझ्यासाठी काही करायचं तर मला विचारून करावं.” गुरुवारपर्यंत अबोला. कालपासून ‘हे घ्या’, ‘ते ठेवा’ एवढं सुरू झालंय.

मी हवावाल्याकडे चाललोय म्हटल्यावर ती आणखी भडकली. “म्हणजे मला टेबलावर झोपवून तुम्ही पळणार! तुमचं भांडण माझ्या डोळ्यावर काढू नका, दोघांनाही सांगते.” मी म्हटलं, बारकीला शब्द दिलाय. ती म्हणाली, “शब्द तुमच्याकडे कुणी मागितला होता का?” आणि पिशवीत माझा स्वेटर कोंबला.

कामाचं लिहितो. थेंब सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. आधी निळ्या झाकणाची बाटली, पाच मिनिटांनी पांढऱ्या. थेंब पडला की डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरतं. तिला डावीकडून हाक मारू नकोस, दचकते. रात्री मोरीतला दिवा चालू ठेव. मी बंद करायचो, तू करू नकोस. जिन्यात चौदावी पायरी तुटकी आहे, तिला माहीत आहे, तुला नाही.

पैसे दवाखान्यात भरून टाकले आहेत. त्यासाठी दोन ठेवी मुदतीआधी मोडल्या, त्यात तुझ्या पैशांची एक होती, मुदत सरल्यावर पुन्हा ठेवलेली. बँकेतल्या मुलीनं सांगितलं, काका, व्याज बुडेल. मी म्हटलं, बुडू दे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दारू पिऊन आलोय. ती मला गेली अकरा वर्षं ओळखते.

कपाटाची किल्ली या कागदाखाली आहे. जे लागेल ते काढ. काय काढलंस ते लिहून ठेवायची गरज नाही. हे वाक्य लिहायला मला जड गेलं, पण लिहिलं.

ऑपरेशन नऊ वाजता आहे. मी आत येणार नाही. दवाखान्यासमोर थांबायचा विचार आहे, पण रस्त्याच्या पलीकडे. तेवढी परवानगी असावी.

बाबा

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

बाबा,

ही चिठ्ठी शिंपीणबाई हवावाल्याच्या दुकानात आणून देतील. फोन करता आला असता, पण आवाज ऐकला की मी काहीतरी बोलेन आणि ते मला आज बोलायचं नाही.

ऑपरेशन झालं. पाऊण तास लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांच्या बाजूनं नीट झालंय, उजव्यात किती नजर राहिली ते उद्या पट्टी काढल्यावर कळेल. कधीकधी उरलेलीही जाते, हे त्यांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. आईला सांगितलेलं नाही, पण तिनं ओळखलंय.

तुम्ही पलीकडे उभे होतात ते मला खिडकीतून दिसलं. साडेआठपासून दीडपर्यंत. मध्ये एकदा तरी बसायचं होतंत.

तुमचं चार तारखेचं पत्र गाडीत पुन्हा पुन्हा वाचलं. राग गेलेला नाही, आणि इतक्यात जाईल असं वाटत नाही. ती मोडलेल्या दांडीची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पण सगळा राग तुमच्यावर काढावा तर तेही जमत नाही. पेल्याबाहेर पाणी सांडताना मी पाहिलं होतं. मी पैसे पाठवले आणि माझं काम झालं असं समजले. तिला हाताला धरून डॉक्टरकडे मीच नेऊ शकले असते, त्याच दिवशी. मी नेलं नाही. माझी परतीची गाडी चारची होती.

आता आईचं. दुपारी जागी झाल्यावर तिनं विचारलं, “उद्या पट्टी निघेल तेव्हा समोर कोण असेल?” मी म्हटलं, मी. “आणि ते?” मी तिचं पांघरूण सारखं केलं. मग म्हटलं, “त्यांना बोलावते, पण मी तेवढा वेळ बाहेर थांबेन. नाहीतर आधी मी येते, मग ते.” ती म्हणाली, “नाही. दोघं हवेत. एकदम.”

मी म्हटलं, ते मला जमणार नाही. ती म्हणाली, “मग पट्टी राहू दे.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. नर्सनं विनवलं, डॉक्टरीणबाई येऊन समजावून गेल्या. त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं, आईला आता कडेचं काही दिसत नाही, मधलं तेवढं दिसतं, वाटीच्या तोंडाएवढं. तेही उद्या असेल की नाही सांगता येत नाही. हे आईला ऐकू गेलं. ती भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, “लांब लांब उभी राहिलात तर एकच दिसेल. मला निवड करायला लावू नका.”

बाबा, तिनं माझ्याकडे आजवर काहीही मागितलेलं नाही.

उद्या दहाला या. साडेनऊलाच या, आणि आत या, रस्त्याच्या पलीकडे थांबू नका. आपल्याला पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचंय, अगदी खांद्याला खांदा लावून. मी उभी राहीन. बोलेन असं म्हणत नाही.

बारकी